वंशावळीत नसलेली माणसं

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या नात्यातलेच एक वडीलधारे. नाव सांगत नाही, कारण ते हे वाचणार आहेत. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही त्या बाळाच्या आजाराचं लिहिणार आहात असं कानावर आलं. लिहा, पण आपल्या घराचं नका लिहू. पोरी लग्नाच्या आहेत."

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मोठ्या माणसाला तोंडावर उत्तर देण्याची सवय आमच्या पिढीला नाही. म्हणून उत्तर इथे देतोय. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आणि हो, भाचीला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "मामा, लिहा. नावं टाकू नका, बाकी सगळं लिहा."

सुरुवात वंशावळीपासून करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि सगळ्या मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद शोधायची एकच धांदल उडाली. आमचं वालूर त्याला अपवाद कसं असेल? निवृत्त मास्तर, अक्षर बरं, मोडीची थोडी ओळख. त्यामुळे लोक माझ्या ओसरीवर येऊन बसायला लागले. गावातल्या वीसेक घरांच्या वंशावळी मी काढून दिल्या. पणजोबा, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे... रेघा ओढत खाली यायचं.

काढता काढता एक गोष्ट डोळ्यांत भरली. या झाडावर बाई नाही. लेकी नाहीत, कारण त्या "दिल्या" घरी गेल्या. सुना नाहीत, कारण त्या बाहेरून आल्या. आणि लहानपणी गेलेली लेकरं तर मुळीच नाहीत. त्यांच्या नावावर ना जमीन, ना दाखला. जमिनीच्या कामाला ती लागत नाहीत हे खरं. पण माझ्या घरातल्या एका बाळाचा जीव ज्या माहितीने कदाचित वाचला असता, ती सगळीच्या सगळी माहिती या गाळलेल्या माणसांपाशी होती. माझं सगळं भांडण आहे ते यावरून.

आमच्या घरचं सांगतो. मला घरी दगडू म्हणत. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, ते आत्याने ठेवलेलं. दगडू का? तर माझ्या आधी दोन भाऊ झाले आणि दोघंही वर्षाच्या आत गेले. मग झालेल्या पोराला दगड-धोंड्याचं नाव ठेवायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर पडत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत हजेरीपटावर किती धोंडिबा, केरबा, भिकाजी, दगडू असायचे! मी रोज सकाळी ती नावं पुकारायचो आणि पोरं "हजर" म्हणायची. त्या प्रत्येक नावामागे एक-दोन गैरहजर पोरं उभी आहेत, हे मला कधी सुचलंच नाही.

माझ्या पाठची बहीण. तिचे दोन मुलगे गेले, एक १९७६ साली आणि एक १९७९ साली. दोघांचंही एकसारखंच. जन्मले तेव्हा गुटगुटीत. तीन-चार महिन्यांनी तोंड आलं ते जाईचना, जुलाब थांबेनात, छाती भरायची, वजन उतरत जायचं. सासरी तिला पांढऱ्या पायाची म्हणाले. सटवाईने पाचवीला लिहिलं ते चुकत नाही, असं माझी आई म्हणाली. आईचं बरोबरच होतं म्हणा, तिचेही दोन तसेच गेलेले. बहिणीला पुढे एक मुलगा आणि दोन मुली झाल्या. तिन्ही चांगली जगली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो विषय मिटवून टाकला. कुणी विचारलं, "मुलं किती?" तर ती सांगायची, "तीन." पाच नाही, तीन.

२०१६ साली तिच्या धाकट्या लेकीला, म्हणजे ही भाची, पहिला मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात डाव्या काखेत गाठ आली. मग तोंड आलं. मग न्यूमोनिया, मग पुन्हा न्यूमोनिया. इकडे दाखव, तिकडे दाखव. प्रत्येक ठिकाणी अँटिबायोटिक बदलून मिळायचं, दोन दिवस उतार पडायचा, पुन्हा तेच. शेवटी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईच्या माहेरी कुणी लहान मुलं अशी गेली आहेत का?"

भाचीला काही माहीत नव्हतं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिची आई खाली मान घालून बसली. आणि मी, गावचा गुरुजी, पोरांना खरं बोलायला शिकवणारा, मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही."

का म्हणालो? बाहेर जावई उभे होते, त्यांचे वडील उभे होते. बहिणीच्या घरचं उघडं पडू नये असं वाटलं, एवढंच. त्यात वाईट हेतू नव्हता. पण हेतू चांगला होता म्हणून परिणाम चांगला होत नसतो.

डॉक्टरीणबाईंनी तरीही पंधरा दिवसांनी आपणहून रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. अहवाल आला तेव्हा बाळ गेलेलं होतं. सात महिन्यांचं. अहवालात आजाराचं नाव होतं, सिव्हियर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी. डॉक्टर थोडक्यात स्किड म्हणतात. जन्मजात, आईकडून मुलाकडे येणारा प्रकार.

मी मराठीचा बीए. हे सगळं मला साठी उलटून गेल्यावर शिकावं लागलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशींवर बरंच काही अवलंबून असतं. या आजारात त्यातल्या मुख्य पेशी तयारच होत नाहीत किंवा निकामी असतात. पहिले काही महिने आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिपिंडं थोडी साथ देतात, म्हणून बाळ जन्मताना छान दिसतं. ती संपली की साधा जंतूही त्याला भारी पडतो.

आमच्या घरातला दोष एक्स गुणसूत्रावरचा. बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाकडे एक. कुलपाच्या दोन किल्ल्या असल्या आणि एक वाकडी निघाली तरी दुसरीने काम भागतं, तसं बाईचं. ती ठणठणीत राहते, फक्त दोष वाहून नेते. मुलाला आईकडून एकच किल्ली मिळते. वाकडी मिळाली तर दार उघडतच नाही. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला हा धोका निम्मा-निम्मा, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही तेवढीच. मला सरळ किल्ली मिळाली म्हणून मी हे लिहायला बसलोय. माझ्या दोन भावांना वाकडी मिळाली.

आता पुन्हा वंशावळीकडे या. हा दोष आईकडून लेकीकडे, लेकीकडून तिच्या मुलाकडे असा जातो. म्हणजे आपण वंशावळीतून ज्या दोघांना गाळतो, लेक आणि मेलेलं लेकरू, नेमका त्यांच्यातूनच. आपली वंशावळ बघून कुणाला हा आजार सापडणं शक्यच नाही!

आणि गंमत बघा, असे आजार जगात सापडले ते गेलेली मुलं मोजूनच. १९३७ साली जर्मनीत आल्फ्रेड विस्कॉट या बालरोगतज्ज्ञांनी तीन भावांची हकिगत लिहिली. तिघांनाही रक्तस्राव, अंगावर इसब, कान वाहणं. तिघंही लहानपणीच गेले. बहिणी मात्र निरोगी. पुढे १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट आल्ड्रिच यांनी डच वंशाच्या एका कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ मांडली आणि मुलगेच का जातात, आजार बायकांमार्फत कसा उतरतो, ते दाखवून दिलं. आज त्या आजाराला दोघांचं नाव आहे. त्यांच्याकडे तेव्हा जनुकांची तपासणी नव्हती. गेलेल्या मुलांची नोंद आणि ती सांगणारी माणसं होती. आमच्या घरात नोंद नव्हती, आणि सांगणारा माणूस "नाही" म्हणाला.

आता थोडं डॉक्टर मंडळींशीही भांडतो. भाचीने बाळाची फाईल जपून ठेवली आहे. मी ती मागून घेतली आणि एक दिवस चष्मा पुसून वाचायला बसलो. चौथ्या महिन्यातला साधा रक्ततपासणीचा कागद. एकूण पांढऱ्या पेशी ५,२००, लिम्फोसाइट १४ टक्के. आता ५,२०० चे १४ टक्के काढा. ७२८ येतात. सातवीचं गणित आहे. तान्ह्या बाळात हा आकडा हजारांत असावा लागतो. तो ३,००० च्या खाली असला तर स्किडचा संशय घ्यावा असं बालरोगाचं शास्त्र सांगतं. कागदावर मात्र मोठ्या माणसांचे आकडे छापलेले, त्यामुळे टक्केवारीपुढे "कमी" अशी एक बारीक खूण, बस्स. तो कागद तीन ठिकाणी तीन जणांनी पाहिला. गुणाकार कुणी केला नाही. महागडी मशीन नको होती हो, पेन्सिल हवी होती.

हे लवकर कळण्याने खरंच फरक पडतो का? पडतो, आणि फार मोठा पडतो. स्किडवर इलाज आहे, दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी देण्याचा. पहिलं यशस्वी रोपण १९६८ सालचं. २००० ते २००९ या काळात अमेरिकेत-कॅनडात रोपण झालेल्या २४० बाळांचा अभ्यास २०१४ साली छापून आला. साडेतीन महिन्यांच्या आत रोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के मुलं पाच वर्षांनंतर जिवंत होती. अंगात जंतुसंसर्ग चालू असताना रोपण करावं लागलं त्यांच्यात हे प्रमाण ५० टक्के. ९४ आणि ५०. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते "नाही, तसं काही नाही" या माझ्या वाक्याचं अंतर आहे.

आणि स्किड हा एकच आजार नाही. जन्मजात प्रतिकारदोषांचे साडेचारशेहून अधिक प्रकार आता माहीत झाले आहेत. काहींत प्रतिपिंडंच बनत नाहीत. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलात हे ओळखलं आणि त्याला बाहेरून प्रतिपिंडं टोचली. आजही तोच मार्ग. दर तीन-चार आठवड्यांनी प्रतिपिंडं दिली की अशी मुलं शाळेत जातात, मोठी होतात. काहींत नाळच महिनाभर पडत नाही आणि जखमेत पू धरत नाही. आपल्या जुन्या सुईणींच्या नजरेला हे पडत असणारच, पण त्यांना विचारतो कोण?

काही आजार आई-बाप दोघांकडून मिळून येतात. तिथे प्रत्येक मुलाला चारात एक असा धोका, आणि मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची रीत तो वाढवते. तेव्हा "दोष सुनेचाच" असं कुणी माझ्या लेखातून काढू नये. सदोष जनुकं थोडीफार प्रत्येकाच्या अंगात असतात. ती काही कुणी बाजारातून विकत आणत नाही. आणि घराण्यात आधी कुणीच गेलेलं नसतानाही हे आजार नव्याने येऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

पहिला आक्षेप: "गुरुजी, इथे कुपोषणाने आणि साध्या न्यूमोनियाने लेकरं जातात, तुम्ही लाखात एकाचं काय घेऊन बसलात?" बरं, मोजू या. अमेरिकेत ३० लाखांवर नवजात बाळं तपासली तेव्हा साधारण ५८,००० मागे एक स्किड निघालं. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. त्याच हिशोबाने वर्षाला चारशेच्या आसपास होतात, आणि हे एकाच आजाराचं झालं. ही चारशे बाळं आपल्याकडे जातात कशाने? कागदावर न्यूमोनियाने आणि जुलाबानेच जातात. म्हणजे तुम्ही ज्याला साधा न्यूमोनिया म्हणता, त्याच ढिगात ही बाळं पुरलेली आहेत. अमेरिकेत २००८ साली विस्कॉन्सिनने टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून सरसकट तपासणी सुरू केली आणि २०१८ अखेर सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडे देशभर तशी तपासणी अजून नाही. ती होईल तेव्हा होईल. तोवर एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरा आक्षेप: "कळून तरी काय उपयोग, पैसा कुठून आणायचा?" खर्च मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किड पहिल्या गटात आहे, आणि ठरवून दिलेल्या केंद्रांतून उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम त्या केंद्रांपैकी एक. त्याच्याच आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे, १९५७ साली रक्तगटांच्या कामापासून सुरू झालेली. या आजारांचं निदान तिथे होतं. परळमध्येच वाडिया बालरुग्णालय आहे. सेलूहून रात्री देवगिरी पकडली की सकाळी मुंबई. मात्र या सगळ्या रांगा निदान झालेल्यांसाठी आहेत. ज्या बाळाच्या आजाराला नावच नाही, त्याला कुठल्या रांगेत उभं करणार?

तिसरा आक्षेप नव्हे, सल्ला: "प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी द्यायचं." २०२० च्या साथीपासून तर गल्लोगल्ली काढे आणि पावडरी झाल्या आहेत. जिथे विहीरच खणलेली नाही, तिथे मोठा पोहरा देऊन पाणी निघत नसतं. एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

चौथा आक्षेप फोनवाल्या आमच्या वडीलधाऱ्यांचा. पोरींची लग्नं. हा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. मोठ्या भाचीच्या मुली लग्नाच्या आहेत, त्यांच्यात दोष आहे की नाही हेही अजून तपासलेलं नाही. स्थळं परत जातील ही भीती खरी आहे. पण काका, तुम्ही ज्याला अब्रू म्हणता तिची किंमत आजवर कुणी दिली, ते मोजा. माझे दोन भाऊ. बहिणीचे दोन मुलगे. भाचीचं बाळ. पाच झाले. लपवून आपण पोरींची लग्नं सुखाची करत नाही, फक्त सहावं बाळ कुणाच्या ओटीत टाकायचं ते ठरवतो. तेव्हाही सासरचे तिलाच पांढऱ्या पायाची म्हणतील. जो माणूस हे आधी ऐकून माघारी जाईल, तो दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या शेजारी उभा राहणार होता का?

धाकट्या भाचीने लपवलं नाही. तिच्या नवऱ्यानेही साथ दिली, जावयाचं मला कौतुक आहे. दुसऱ्या वेळी तिने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सगळं सांगितलं. मुंबईच्या अहवालात नेमका दोष सापडलेला असल्याने पोटातल्या बाळाची तपासणीही करता आली असती. दोघांनी विचार करून जन्मानंतर लगेच तपासायचं ठरवलं. २०१९ साली मुलगा झाला. अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी बीसीजी थांबवली. ते आठ दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. अहवाल आला, मुलगा निरोगी! मग त्याला सगळ्या लसी दिल्या. आता तो शाळेत जातो आणि माझ्या चष्म्याशी खेळतो.

लसीवरून कुणी भलतंच समजू नका. बीसीजी, रोटाव्हायरसचे आणि पोलिओचे थेंब यांत जिवंत पण कमजोर केलेले जंतू असतात. निरोगी बाळाला ते राखण करायला शिकवतात. बीसीजीनंतर काखेत छोटी गाठ तर चांगल्या बाळालाही कधी येते. स्किडच्या बाळात मात्र तेच जंतू अंगभर पसरू शकतात. म्हणून घराण्यात अशी मुलं गेली असतील तर बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना सांगा, निर्णय ते घेतील. हे वाचून कुणी आपल्या मनाने लस चुकवली तर माझं लिहिणं वाया गेलं असं समजेन.

आता मागणं काय? डॉक्टरांनो, तान्ह्या बाळाच्या कागदावर तो एक गुणाकार करा. अशाताईंनो, गरोदर बाईला विचारा, "तुझ्या माहेरी, आजोळी, मावशीकडे मुलगे लहानपणी गेले का?" सासूसमोर नको, एकटीला विचारा. वर्षात दोनदा न्यूमोनिया, महिनोन्‌महिने न जाणारं तोंड येणं, शिरेतून औषध दिल्याशिवाय न हटणारे संसर्ग, न वाढणारं वजन, पुन्हा पुन्हा खोल गळवं... यातलं काही बाळात दिसलं तर "आणखी एक अँटिबायोटिक" यावर समाधान मानू नका.

आणि नातेवाईक मंडळी, तुमच्याकडे एकच मागणं. काही वर्षांपूर्वी आपल्या गावच्या मंडळींनी चक्राकार बारवेतला गाळ उपसला. आपल्या घरातलाही थोडा उपसू या. मी वहीत नवी वंशावळ काढायला घेतली आहे. तिच्यात लेकी आहेत, सुना आहेत, आणि गेलेली लेकरं आहेत. नाव ठेवायच्या आधी गेलं असेल तर नुसतं गोल आणि साल. आईच्या दोन मावश्यांच्या शाखा कोऱ्या आहेत. त्यांच्या घरी मुलगे गेले का, किती, कुठल्या वयात, काय होत होतं, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी मला फोन करा. आता सांगणारे थोडेच उरलेत, त्यातला मी एक.

परवा बहीण आली होती. वही तिच्यापुढे ठेवली. तिने पेन मागितलं, आपल्या नावाखाली दोन गोल काढले आणि दोन्ही गोलांत नावं लिहिली. ती नावं मी सत्तेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकली नव्हती. मग म्हणाली, "दादा, आता कुणी विचारलं तर पाच सांगत जाईन."

असो. आज इतकंच.